अड्यार ते अंगणवाडी
परदेशी शिक्षणविचारात शिक्षक तयार करण्याचा खटाटोप आजचा नाही. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी शिक्षकांना प्रशिक्षण देण्यासाठी १९३९ मध्ये मद्रासजवळ अड्यारला आल्या. पहिल्याच वर्गाला सुमारे ३०० प्रशिक्षणार्थी होते. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. त्यांची साधने मात्र खेड्याला न परवडणारी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला, तत्त्व तेच ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे वापरले. मुले येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. खरे प्रशिक्षण ते हेच! अशी साधने आजही जवळच सापडतात: वैभववाडीत, करूळ घाटाच्या पायथ्याशी, मोसमात काजूबिया आयत्याच मिळतात. मोजणी, वजन, लहान-मोठे सगळे त्यांवर शिकवता येते. फक्त ओली बी मुलांच्या हाती नको, चीक भाजतो.