बीड जिल्ह्यात घरांना जागा आहे, पण कुठली?

आधी हिशेब

बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १०,६९३ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २५ लाख ८५ हजार आणि त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा शहरांत. रस्ता, नाली, मोकळी जागा धरून एका घराला तीन गुंठे दिले, तरी एक लाख नव्या घरांना साधारण ३० चौरस किलोमीटर पुरतात. म्हणजे जिल्ह्याचा ०.३ टक्के भाग. ‘जागाच उरली नाही’ ही ओरड खरी नाही. टंचाई आहे ती पाणी, रस्ता आणि वादाशिवायचा कागद हे तिन्ही असलेल्या जागेची.

पाया मुरमात, पाणी दूर

बालाघाटच्या माळावर थोडं खोदलं की मुरूम लागतो; पाया पक्का बसतो. गेवराई-माजलगावच्या गोदाकाठी काळी कसदार माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतींना तडे देते. शिवाय तीच जमीन घर चालवते. म्हणून घरं माळावर आणि पिकं काळ्या रानात, ही वाटणी मला योग्य वाटते. पण माळावरचे बोअर उन्हाळ्यात साथ सोडतात. खुद्द बीड शहराची मुख्य भिस्त माजलगाव धरणावर आहे. तेव्हा ले-आउट मंजूर करताना नळाला पाणी कुठून येणार, हा पहिला प्रश्न असायला हवा.

सातबारा उघडल्यावर

खरा गुंता इथे आहे. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या मदतमाश आणि खिदमतमाश इनाम जमिनी आजही सापडतात. त्यातली देवस्थान किंवा वक्फची सेवा म्हणून दिलेली (खिदमतमाश) जमीन खासगी मालकीसारखी विकता येत नाही. तरी अशा जमिनींवर प्लॉट पाडल्याच्या तक्रारी होत राहतात. म्हणून सातबाऱ्यावर नुसतं मालकाचं नाव वाचून भागत नाही. ‘भोगवटादार वर्ग २’ (म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलंय का, ‘इतर हक्क’ या रकान्यात काय नोंद आहे, जुने फेरफार काय सांगतात, हे पाहायलाच हवं.

दुसरी अडचण तुकडेबंदीची. कायदा १९४७ चा, हेतू शेती टिकवण्याचा. पण नोकरदाराला हवा असतो दीड-दोन गुंठ्यांचा प्लॉट, आणि जिरायतीसाठी प्रमाणभूत, म्हणजे किमान विकता येणारं, क्षेत्र आहे २० गुंठे. मग व्यवहार बाँडवर, नोटरी करून होतो. नकाशावरचा वीस फुटी रस्ता जागेवर बैलगाडीपुरता निघतो, नालीला उतारच नसतो. अशा वस्त्या नियमित करायला गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वस्त्या त्यात आणल्या. कागद नियमित होतो, अरुंद रस्ता मात्र तसाच राहतो.

नदीची जागा

बिंदुसरा बीडच्या मधून वाहते. १९८९ च्या पुरात तिने आपलं पात्र दाखवून दिलं. पूररेषेतला प्लॉट स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, इतकंच.

रेल्वे आली

अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग. त्यातली अहिल्यानगर–बीड गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली. आता ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लॉटच्या अकृषिक वापराचा पुरावा आणि मंजूर रेखांकन मागा. इसार त्यानंतर द्या.

गावातलं घर

सर्वांत अवघड गोष्ट गावठाणातली. तीन भावांच्या वाटणीत प्रत्येकाला दोन खण उरतात. घरकुल मंजूर होतं, पण नावावर जागा नसते. भूमिहीनांना जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते. मात्र ऊसतोडीला जाणारं कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडतं आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततं. घरकुलाचा हप्ता मिळतो बांधकाम पुढे सरकल्याचा फोटो चढल्यावर, आणि बांधायला सोयीचे कोरडे महिने नेमके कोयत्यावर जातात. निदान बीडपुरतं तरी जागेची मोजणी पावसाळ्यात उरकून, पाडवा ते मृग एवढ्या काळात हप्ते सलग सोडायला हवेत.