जुन्या वनवाटांवरील चराऊ पट्टे : सातपुड्याच्या संदर्भात

जंगलात ज्या क्षेत्राची तोड ठरते त्यास वनखात्याच्या मराठीत ‘कूप’ म्हणतात. विहिरीचा वाचक असलेला संस्कृत शब्द तो हा नव्हे. हा फ्रेंचमधून इंग्रजीच्या मार्गे आला असून त्याचा मूळ अर्थ ‘तोड’ असाच आहे. तोड संपली, गाड्या थांबल्या, की कुपाकडे जाणारी वाट तेवढी मागे उरते. सातपुड्याच्या खानदेशी उतारावर, १९६९ साली घोषित झालेले यावल अभयारण्य ज्या रानात आहे त्या रानात, अशा वाटेचे मोल वेगळे आहे. तिच्यावर ऊन मोकळेपणे पडते; दाट सागाखाली गवतास जे लाभत नाही, ते येथे लाभते.

अमेरिकेत अशा वाटांवर हरणांसाठी क्लोव्हर किंवा ओट पेरण्याची चाल आहे. तेथे हेतू बहुधा शिकारीचा असतो, आणि हवामानही निराळे. खानदेशात पाऊस चार महिन्यांचा. पावसाळ्यात सारे रानच हिरवे असते, तेव्हा पेरलेल्या हिरवळीचे अप्रूप कोणत्या सांबरास? खरी उपासमार चैत्र-वैशाखातली. त्यामुळे एका हंगामात संपणारे पीक येथे निरुपयोगी होय. बहुवर्षायू ठोंबांची देशी गवते आणि कडेची फळझाडे हाच येथील उपाय ठरतो.

कोणते गवत घ्यावे, हे पुष्कळदा त्याच्या नावातच सांगितलेले असते. ‘तिखाडी’ म्हणजे रोशा. हिच्या तेलासाठी खानदेश एके काळी प्रसिद्ध होता. परंतु उग्र वासामुळे जनावर तिला सहसा तोंड लावीत नाही. ‘कुसळी’ कोवळी असेतो चालते, पुढे तिची कुसळे तोंडात रुततात. मारवेल व पवना ही मात्र चाऱ्याची खरी गवते. त्यांचे बी पावसाळा सरताना पक्व होते, ते त्याच रानातून गोळा करावे.

चाकांनी दडपलेली भूमी पाणी पीत नाही. म्हणून उन्हाळ्यातच तिचे कवच फोडावे, उतारास आडवे लहान बांध घालावेत, आणि हलके बी ओल्या मातीत कालवून पहिल्या पावसावर टाकावे. तरोटा फुलण्यापूर्वी उपटावा. घाणेरी केवळ छाटून भागत नाही, ती मुळासकट काढावी लागते. कडेला बोर, आवळा, मोह असावेत. मोहाची फुले ऐन टंचाईत गळतात. अस्वलास ती प्रिय, आणि भिल्ल-पावरा कुटुंबांच्या उपजीविकेचाही तो आधार. तेव्हा वाटेवरचा मोह कोणी वेचावा, हे गावाशी बोलूनच ठरवावे लागेल.

गुरांचेही तसेच. धुळ्याकडील ठेलारी मेंढपाळांचे कळप चाऱ्यामागे फिरतात. त्यांच्याशी व गावच्या गुराख्यांशी समजूत झाल्यावाचून केलेला पट्टा पहिल्याच वर्षी चरला जाईल. पट्टा शेतशिवारालगत तर कधीच नसावा, कारण त्यावर आलेली नीलगाय पुढे हरभऱ्यात शिरते. वाटेच्या तोंडाशी आडवा चर खणणेही आवश्यक आहे. ज्या वाटेने पूर्वी परवान्याचा साग गेला, तिनेच रात्री चोरीचा साग जाऊ शकतो.