पंधरा नोंदींची गोष्ट

परवा लसीकरणाच्या दिवशी एक नवी आई मला म्हणाली, "काकू, लसीनं बाळाला काही झालं, तर वर कुणी बघतं का हो?" प्रश्न रास्त होता. मी तिला अमेरिकेतली गोष्ट सांगितली. तिथे १९९८ मध्ये जुलाबांवर रोटाशील्ड ही तोंडावाटे द्यायची लस आली. जुलै १९९९ पर्यंत आतड्यात आतडं शिरल्याच्या १५ नोंदी जमल्या. लाखो डोसांत एवढ्या योगायोगानंही निघतात. पण १२ बाळांना त्रास डोसनंतर आठवड्यातच झाला होता! लस थांबवली. मग आजारी बाळांची निरोगी बाळांशी तुलना केली. संशय खरा ठरला. ऑक्टोबरात लस बाजारातून गेली. धोका साधारण १०,००० बाळांत एकाला; आधीच्या चाचण्यांत तो सापडणार कसा? म्हटलं, अगं, काही वेगळं दिसलं तर लगेच आशाताईंच्या कानावर घाल, संकोच नको.