हरभऱ्याचे पीक आणि जमिनीतील ओल

रब्बी हंगामातील कडधान्यांत हरभऱ्याचे स्थान अग्रगण्य असून जगातील त्याच्या एकूण उत्पादनापैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक वाटा एकट्या भारताचा आहे. या पिकाचा विचार बहुधा वाण, खते आणि किडी या अंगांनी केला जातो. परंतु कोरडवाहू हरभऱ्याचे यशापयश ज्या एका गोष्टीवर मुख्यत्वे अवलंबून असते, ती म्हणजे जमिनीत साठलेल्या ओलीचा व्यय. ही ओल किती आहे यापेक्षा ती केव्हा खर्च होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

दख्खनच्या काळ्या भारी जमिनीत हरभरा पेरला जातो तो पावसाळा सरता सरता. हस्त व चित्रा नक्षत्रांचा पाऊस झाला आणि वाफसा आला, की पाभरीने बी खोल, ओलीत पडेल असे पेरतात. त्यानंतर पिकास पाऊस मिळेलच असे नाही. बहुधा मिळत नाही. एक मीटर खोलीच्या चांगल्या काळ्या जमिनीत पिकास उपलब्ध होऊ शकणारे पाणी स्थूलमानाने १५० ते २०० मिलिमीटर पावसाइतके असते. रोपाची वाढ, फुलोरा, घाटे धरणे व दाणे भरणे हा सर्व प्रपंच एवढ्याच भांडवलावर चालवावयाचा असतो. हे भांडवल दर दिवशी घटते, आणि माघ-फाल्गुनात तापमान वाढू लागताच ते झपाट्याने घटते. दाणा भरण्याचा काळ नेमका हाच. हंगामाच्या अखेरीस पडणारा हा ताण हरभऱ्याच्या उत्पन्नातील घटीचे एक प्रमुख कारण मानला जातो.

साठलेल्या ओलीवर जगण्याची ही रीत हरभऱ्याने भारतात येऊन आत्मसात केली असे मात्र दिसत नाही. हरभऱ्याचा रानटी पूर्वज, सायसर रेटिक्युलॅटम, हा केवळ आग्नेय तुर्कस्तानातील मर्यादित प्रदेशात आढळतो. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो, व रानटी रोप शरद ऋतूत उगवून त्या पावसावर वाढते. परंतु थंड व दमट हवेत करपा या बुरशीजन्य रोगाने पीक समूळ नष्ट होऊ शकते. शाहल अॅब्बो व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये असे प्रतिपादन केले, की या रोगाच्या भयानेच तेथील प्राचीन शेतकऱ्यांनी हरभऱ्याची पेरणी हिवाळ्यातून वसंतात नेली असावी. पावसाळा टळला, रोग टळला. पण पिकाच्या वाट्यास उरली ती केवळ मागे राहिलेली ओल. या बदलात फुलण्यासाठी थंडीची अपेक्षा करणारी रोपे मागे पडली व तशी अपेक्षा न करणारी निवडली गेली. हे अनुमान असले तरी त्याने पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. पेरणीचा हंगाम बदलू शकणारी मोजकीच रोपे पुढे चालू राहिल्यामुळे लागवडीखालील हरभऱ्यातील आनुवंशिक विविधता मुळातच अरुंद झाली, आणि पैदासकारास आजही तिची उणीव भासते.

भारतात या पिकाचे जे स्थलांतर गेल्या साठ वर्षांत झाले, त्याच्या मुळाशीही पाण्याचाच प्रश्न आहे. १९६४-६५ च्या सुमारास पंजाब, हरयाणा व उत्तर प्रदेश या भागांत सुमारे ५० लाख हेक्टर क्षेत्र हरभऱ्याखाली होते. कालवे व विहिरींचे पाणी आल्यावर ती जमीन गव्हाने घेतली, आणि २००८-०९ पर्यंत तेथील क्षेत्र १० लाख हेक्टरांच्याही खाली आले. त्याच अवधीत मध्य प्रदेश, महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र येथील क्षेत्र दुपटीहून अधिक वाढले. म्हणजे हरभरा गेला तो ओलिताच्या जमिनीवरून कोरडवाहू जमिनीवर, आणि दीर्घ थंडीच्या प्रदेशातून अल्प व सौम्य थंडीच्या प्रदेशात. उत्तरेत दीडशे दिवस शेतात राहणारे वाण येथे उपयोगी पडणे शक्य नव्हते. येथे नव्वद-शंभर दिवसांत पक्व होणारे व मर रोगास दाद न देणारे वाण हवे होते. मर रोगाची बुरशी यजमान पिकावाचूनही जमिनीत कित्येक वर्षे तग धरते. त्यामुळे प्रतिकारक्षम वाण हाच तिच्यावरील व्यवहार्य उपाय होय. जबलपूरचे कृषि विश्वविद्यालय व पतंचेरू येथील इक्रिसॅट यांच्या सहकार्याने सिद्ध झालेला आणि १९९९ मध्ये प्रसारित झालेला ‘जेजी ११’ हा वाण या दृष्टीने उल्लेखनीय आहे. आंध्रातील हरभऱ्याच्या प्रसारात त्याचा वाटा मोठा आहे.

लवकर पक्व होणे हा ताण चुकविण्याचा मार्ग आहे, तो सोसण्याचा नव्हे. ज्या वर्षी ओल मुबलक असते, त्या वर्षी अल्पावधीचा वाण तिचा पुरता लाभ घेऊ शकत नाही. यास्तव ताण सोसणाऱ्या रोपाचा शोध पुष्कळ काळ चालला, आणि तो प्रथम मुळांच्या अंगाने चालला. ज्याची मुळे खोल व दाट, ते रोप अधिक पाणी ओढील आणि टिकेल, ही कल्पना सहज पटण्यासारखी होती. परंतु इक्रिसॅटमध्ये मातीने भरलेल्या उंच नळकांड्यांत रोपे वाढवून त्यांच्या पाणीवापराचे मापन केले असता वेगळेच चित्र दिसले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ताणाखाली अधिक उत्पन्न देणारे वाण मुळांच्या खोलीमुळे वा दाटीमुळे उठून दिसत नव्हते. ते वेगळे होते ते मितव्ययामुळे. त्यांची पाने लहान वयात बेताची असत, पाणी उपलब्ध असतानाही ती कमी बाष्प सोडीत, आणि अशा रीतीने राखलेली ओल दाणे भरताना उपयोगी पडे. पाणी ओढण्याची शक्ती व पाणी राखण्याची वृत्ती या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे या प्रयोगांनी स्पष्ट झाले. तथापि मुळांचा विचार त्यामुळे अगदीच निरर्थक ठरला असे नाही. ‘आयसीसी ४९५८’ या जोमदार मुळांच्या वाणातील एक गुणसूत्रखंड संकराने ‘पुसा ३७२’ मध्ये आणून २०१९ मध्ये ‘पुसा चना १०२१६’ हा वाण प्रसारित करण्यात आला. जमीन किती खोल आहे व ओल किती खाली आहे, यावर कोणता गुण कामी येईल हे ठरते.

शेतकऱ्यांच्या जुन्या रीतींकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांचा अर्थ अधिक उमजतो. पीक महिन्याचे झाले की त्याचे शेंडे खुडतात. त्याने फांद्या फुटतात, हे सर्वश्रुत आहे. पण पानांची अकाली वाढही थोपते, आणि काळ्या जमिनीत पीक माजले तर घाटे कमी लागतात, हा अनुभव सर्वांचाच आहे. खुडलेले शेंडे वाया जात नाहीत. त्यांची भाजी होते, उरलेली वाळवून ठेवतात. पानांवरील लव ज्या आम्लाचा स्राव करते, त्यात मॅलिक आम्ल प्रमुख असून त्यामुळेच भाजीस उपजत आंबटपणा येतो. पहाटे दवाने भिजलेल्या पिकावर फडके पसरून पिळून घेतलेली आंब औषधात वापरीत असत.

स्वयंपाकघरापर्यंतही ओलीचा हा हिशेब पोहोचतो. देशी हरभऱ्याच्या दाण्यात टरफलाचा भाग वजनाने सुमारे १५ टक्के असतो. काबुलीत तो याच्या निम्म्याहून कमी. अखेरच्या ताणाने दाणा सुरकुतला की आतला गर घटतो, टरफल मात्र फारसे घटत नाही. अशा मालाची डाळ कमी पडते, आणि चुणी अधिक निघते. उत्पन्नाचे आकडे क्विंटलमध्ये मांडले जातात, तेव्हा हा तोटा त्यांत दिसत नाही. पुरणासाठी, पिठल्याच्या बेसनासाठी वा फुटाण्यांसाठी माल घेणारा व्यापारी मात्र मूठभर दाणे तळहातावर घेऊन तो ओळखतो, आणि भाव त्याप्रमाणे उतरतो.