पाकिटावर नंबर कोणाचा?

घरात मसाला, शेवया किंवा लोणची करून विकणाऱ्या आपल्या भगिनी आता थोड्याथोडक्या नाहीत. सुरुवातीला माल नात्यागोत्यात आणि मोहल्ल्यात खपतो. मग एखादा दुकानदार म्हणतो, "पाकीट करून द्या, मी ठेवतो." तेव्हा एक प्रश्न उभा राहतो, ज्याचा विचार आधी कोणी केलेला नसतो. पाकिटावर फोन नंबर कोणाचा छापायचा?

छापावा तर लागतोच. पॅकबंद वस्तूंसाठीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार ग्राहकाने तक्रार कोणाकडे करायची, त्याचे नाव, पत्ता, फोन नंबर आणि ई-मेल पाकिटावर हवा. बहुतेक जणी स्वतःचाच मोबाइल नंबर देतात. मग रात्री अकरा वाजता "भाभी, काय चाललंय?" असे फोन आणि नको ते मेसेज सुरू होतात. शौहरचा नंबर द्यावा तर तो दिवसभर लूमवर नाहीतर रिक्षावर. पाकिटात बेडगी किती आणि संकेश्वरी किती, हे त्याला विचारून काय उपयोग? दोन-चार महिने असे गेले की घरातले म्हणतात, पुरे झाला हा धंदा. माल चांगला, गिऱ्हाईक तयार, आणि एका नंबरापायी रोजी बंद.

अशा वेळी कोणीतरी १८०० चा टोल-फ्री नंबर घ्यायला सुचवते. हा नंबर कोणत्याही सिमचा नसतो. त्यावर आलेला फोन कंपनीची यंत्रणा आपण दिलेल्या मोबाइलवर वळवते, त्यामुळे खरा नंबर ग्राहकाला कळत नाही. वेळही ठरवून देता येते. रमजानमध्ये इफ्तारपूर्वीचा एक तास फोन नको असेल, तर त्या वेळी फक्त रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू येईल आणि कोणी फोन केला त्याची नोंद राहील. पहिला फोन सुनेला, तिने उचलला नाही तर सासूबाईंना, अशीही सोय होते.

पण फुकट असतो तो फोन करणाऱ्याला. बिल आपल्याला येते. महिन्याचे भाडे वेगळे, मिनिटांचे वेगळे, शिवाय त्यावर १८ टक्के जीएसटी. समजा रोज २० फोन आले, प्रत्येक ३ मिनिटांचा, आणि महिन्याचे २६ दिवस. झाली १,५६० मिनिटे. मिनिटाला एक रुपया धरला तरी करासह १,८४० रुपये होतात. किलोमागे शंभर रुपये सुटत असतील तर अठरा किलो मसाला नुसता फोनसाठी कुटायचा! १८६० ने सुरू होणारा नंबरही मिळतो. त्यात फोन करणाऱ्यालाही पैसे पडतात.

खरे सांगायचे तर 'टोल-फ्री' या शब्दाची पूर्वीची किंमत आता राहिलेली नाही. एसटीडीचे मीटर पळायचे तेव्हा फुकट फोन ही मोठी गोष्ट होती. २०१६ नंतर मोबाइलवरचे बोलणे रिचार्जमध्येच आले. त्यामुळे चार तालुक्यांत माल जाणाऱ्या घरगुती धंद्याला १८०० ची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. साधा बटणाचा फोन, त्यात धंद्याचे वेगळे सिम, आणि संध्याकाळी सातनंतर तो बंद, एवढ्याने बरेचसे काम भागते. घरात लँडलाइन असेल तर तोच नंबर व्हॉट्सअॅप बिझनेसला जोडता येतो; पडताळणीचा कोड फोनवर ऐकू येतो. दुकान बंद असतानाचे उत्तर त्यात आपोआप जाते, आणि अॅप मोफत आहे.

माल जिल्ह्याबाहेर जाऊ लागला किंवा फोन घ्यायला दोन-तीन माणसे लागली, की १८०० चा विचार जरूर करावा. पॅन, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, धंद्याच्या नोंदणीचा कागद एवढी तयारी ठेवा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते; त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. नंबर दूरसंचार कंपनीकडून थेट मिळतो, तसाच मधल्या कंपन्यांकडूनही. मधल्या कंपनीकडून घेतलात तर सेवा सोडल्यावर नंबर कोणाचा राहणार, हे लेखी घ्या. पंचवीस सेकंदांच्या फोनला पूर्ण मिनिट लावतात का, हेही विचारा.

कोकणातल्या घरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आपला १८०० नंबर दुबईहून किंवा कुवेतहून सहसा लागत नाही. सुट्टीवर आलेला भाचा दहा पाकिटे घेऊन परत गेला आणि तिथल्या शेजाऱ्यांना चव आवडली, तर त्यांनी कुठे विचारायचे? त्यांच्यासाठी +९१ लावून धंद्याच्या सिमचा नंबरही खाली छापा.

आणि नंबर बदललात तरी जुना लगेच तोडू नका. त्या नंबरची पाकिटे दुकानांच्या फळ्यांवर असतात. शेवटच्या पाकिटाची मुदत संपेपर्यंत तो चालू ठेवा.