तीन किलो तांदळापासून पंगतीपर्यंत

शाळेतील मुलाची भूक ही शासनाची जबाबदारी आहे, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत उतरण्यास या देशात फार काळ लागला. परंतु रित्या पोटी विद्या ग्रहण होत नाही, हे शिक्षणास वाहून घेतलेल्यांना त्याच्या कितीतरी आधी उमगले होते, आणि म्हणूनच साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातील मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रदेखील मोडले.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची शालेय आहाराची योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात मिळे तो शिजलेला घास नव्हे, तर ऐंशी टक्के हजेरीच्या अटीवर दरमहा तीन किलो तांदूळ. तो घरी जाऊन सर्व कुटुंबाच्या हंडीत मिसळे, आणि गुरुजींच्या हाती उरे केवळ हजेरीपट. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच देण्याचा हुकूम केला, आणि पुढे शाळेच्या ओसरीवर खिचडीची पंगत बसू लागली, हा माझ्या मते या साऱ्या कालखंडातील सर्वांत मोलाचा बदल होय. कारण सोमवारी कोणाची ताटली पुन्हापुन्हा पुढे येते आणि कोण अर्धा घास धाकट्या भावंडासाठी डब्यात लपविते, हे कोणत्याही दप्तरात न उमटणारे सत्य तेथे शिक्षकाच्या दृष्टीस पडू लागले.

२०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात विषारी अन्नाने २३ बालके दगावली, त्यानंतर शिक्षकाने आधी चव घेण्याच्या दंडकास धार आली. मात्र त्याबरोबर प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदळाचा रोजचा हिशेबही त्याच्याच माथी राहिला. हा हिशेब आपले काम नव्हे, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. तराजू आणि साठा-नोंदवही दुसऱ्या कोणाकडे अवश्य सोपवावी, पंगतीतील जागा मात्र शिक्षकाने सोडू नये.

बीडकडील ऊसतोड्यांच्या गावी शिक्षकाच्या या जागेची कसोटी लागते. मुकादमाची उचल घेतलेले आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात. टोळी हलण्यापूर्वी गुरुजींनी घरोघर जाऊन आजीआजोबांचे मन वळविले आणि हंगामी वसतिगृहाची यादी वेळेवर पाठविली, तर त्यांचे मूल गावातच राहून दोन वेळा जेवते. यादीस विलंब झाला, तर ते ट्रकवर चढून फडावर जाते, आणि त्याच्या वाट्याची खिचडी तेथवर जात नाही.