गिअर खरखरतो? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढे पाहा



गळीत हंगामात आमच्याकडे दोन तक्रारी हमखास येतात. टोळी आली नाही ही पहिली, आणि ट्रॅक्टर अडला ही दुसरी. पहिलीवर आम्ही पुष्कळ लिहिले आहे. आज दुसरीवर, तीही फक्त गिअरपुरती.

मागे ओतूरकडच्या एका सभासदाची भरलेली ट्रॉली संध्याकाळी फडातच अडकली. पहिला गिअर पडेना, रिव्हर्स टाकावा तर दात करकरा वाजत. अंधार झाला. आपल्या जुन्नर-आंबेगावात उसाच्या कडेला अंधार होणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बिबट्याच्या धाकाने मजूर ट्रॉलीवरून खाली उतरेनात. तोडलेला ऊस रात्रभर तिथेच सुकला. सकाळी एका जाणकाराने गिअरबॉक्स खोलायचा सल्ला दिला. दोष निघाला क्लचच्या पेडलात. दोन पाने आणि दहा मिनिटांचे काम!

जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स साधा असतो. मोटारीत १९२८ पासून सिंक्रोमेश आले; त्यात गिअर जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा केला जातो. जुन्या ट्रॅक्टरांत बहुधा ती सोय नाही. म्हणून गाडी थांबवून, क्लच पूर्ण दाबून, दोन-तीन सेकंद थांबून मगच गिअर टाकायचा. आपली ड्रायव्हर मंडळी चालत्या गाडीत दांडी ओढतात आणि मग कंपनीला शिव्या देतात.

परीक्षा सोपी आहे. सपाट जागी, हँडब्रेक लावून, इंजिन बंद ठेवून एकेक गिअर टाकून पाहा. दातावर दात आला तर क्लच सोडून पुन्हा दाबा. इंजिन बंद असताना गिअर सुरळीत पडतो आणि चालू असताना खरखरतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. बंद असतानाही पडत नसेल तर दांडी, फोर्क किंवा आतल्या जोडणीकडे पाहावे लागेल, आणि ते काम फिटरचेच.

क्लच सुटत नसेल तर आधी पेडलचा मोकळा प्ले मोजा. बऱ्याच ट्रॅक्टरांना तो इंचाच्या आसपास असतो. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकात मिळेल. प्ले फार झाला की क्लच सुटत नाही, गिअर वाजतो. अगदीच नसला की क्लच घसरतो, प्लेट जळते. काहीजण पेडलवर पाय ठेवूनच खेप करतात, त्यांची प्लेट आणि रिलीज बेअरिंग लवकर जाते. पाय ठेवायला फूटरेस्ट दिलेला आहे की!

त्यानंतर तेल. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. गिअरच्या दांडीचे रबर फाटलेले असते आणि आपण वरून पंपाने ट्रॅक्टर धुतो, पाणी तिथून जाते. आधी रबर बदला, मगच तेल. काही ट्रॅक्टरांत गिअरला आणि हायड्रॉलिकला एकच तेल असते. ट्रॉलीचा पाइप मातीसकट जोडला की माती थेट गिअरबॉक्सात. निचऱ्याच्या बोल्टला लोखंडाचे तुकडे चिकटलेले दिसले तर मात्र गाडी पुढे दामटू नका.

आता काही घरांत जुन्या ऑटोमॅटिक मोटारीही आल्या आहेत. गिअर बदलताना झटका बसतो, हे त्यांचेही दुखणे. तिथेही सुरुवात तेलापासूनच. तेल काळपट पडून जळका वास येत असेल तर दुरुस्ती लांबवू नये. पण २०१४ पासून आपल्याकडे आलेल्या एएमटी गाड्या निराळ्या. त्यांत नेहमीचीच क्लचप्लेट असते, फक्त पाय यंत्राचा. ती झिजली की झटके येतात, आणि नवी बसवल्यावर वर्कशॉपमध्ये संगणकावर जुळवून घ्यावी लागते.

एक दोष मात्र रस्त्यावर चालवून घेऊ नका : चालता चालता गिअर आपोआप निसटणे. आतली स्प्रिंग-गोळी किंवा दात झिजले की असे होते. भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना उताराला गिअर निसटला तर इंजिनचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. डिझेल वाचवायला उतारावर मुद्दाम न्यूट्रल करणारे तोच धोका स्वतः ओढवतात. असा ट्रॅक्टर खेपेला लावू नये. डांबरी रस्त्यावर येताच ब्रेकची दोन्ही पेडले खिटीने जोडून घ्यावीत आणि उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा, मधेच नव्हे.